साहेब कधी येतील?

दिवाळीची पहिली अंघोळ झाली आणि थंडीनं जरा जोर धरला, की आमच्या भागातल्या गिझर-मेकॅनिकचा फोन लागेनासा होतो. उन्हाळाभर गिझरकडे कुणी ढुंकून बघितलेलं नसतं. आणि नेमका नोव्हेंबरात, सकाळी पावणेसात वाजता, शाळेची रिक्षा यायला वीस मिनिटं असताना तो मान टाकतो. मग फोनाफोनी, दोन दिवस गॅसवर पातेली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी कधीतरी मेकॅनिक उगवतो. दार अर्थातच घरातल्या बाईनं उघडलेलं असतं. तो स्टुलावर चढतो, झाकण काढतो, दोन वायरी हलवून बघतो, तोंडानं 'च् च्' करतो आणि विचारतो, "साहेब कधी येतील?"

माझ्या मते दुरुस्तीचं बिल वाढायला सुरुवात होते ती इथे. कारण या प्रश्नाचा अर्थ असा, की मशीनचं आणि पैशाचं बोलणं तुमच्याशी नाही. बाई म्हणते, "काय झालंय ते मला सांगा ना." तो सांगतो, "कॉइल गेलीय वहिनी, बोर्डपण खराब दिसतोय. दोन-अडीच हजार होतील. साहेबांना विचारून घ्या." ऑफिसात फोन जातो. साहेब मीटिंगमध्ये असतात. ते दबक्या आवाजात म्हणतात, "करून टाक." साहेबांनाही गिझरमधलं काही कळत नसतं, पण त्यांना कुणी तसं भासवत नाही एवढाच फरक. आणि गंमत म्हणजे साध्या, डिजिटल आकडे न दाखवणाऱ्या गिझरमध्ये 'बोर्ड' नावाचा भाग नसतोच!

मी गेली काही वर्षं आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे. पार्किंगच्या भांडणांबरोबर शेजारणींची गिझरची बिलंही माझ्याकडे येतात. "ताई, हे बरोबर आहे का हो?" असं विचारत. ती बिलं बघून माझं एक मत पक्कं झालंय. आपण बायका भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो, साडीचा पोत बोटांनी ओळखतो, पण घरातल्या यंत्राचं झाकण उघडलं की नजर दुसरीकडे वळवतो. आणि ज्या घरात घासाघीस होते, तिथे ती नेमकी नको त्या जागी होते.

हे पूर्वी असं नव्हतं. पाण्याचा बंब आठवा. तांब्याचं गोल भांडं, मधोमध जाळाची नळी, खाली जाळी, त्याखाली राख पडायची जागा, बाजूला तोटी. लपवलेलं काही नाही. जाळी जळाली, तोटी गळायला लागली, नळीत काजळी धरली, हे सगळं बंब पेटवणाऱ्या बाईला कुणाच्याही आधी कळायचं. बंब गळायला लागला तर डाग देऊन आणायचा. पुण्यात त्यासाठी कसब्यातली तांबट आळी होती, अजूनही तिथे तांब्याचं काम चालतं. डाग देण्याला किती पैसे पडतात आणि कुठला तांबट जास्त घेतो, हे घरातल्या बाईला तोंडपाठ असायचं. तिला कुणी 'साहेब कधी येतील' विचारलं असतं, तर तिनं त्याला बंबासकट बाहेर काढला असता.

गिझर पांढऱ्या डब्यात बंद झाला आणि हे ज्ञान गेलं. खरं तर तो बंबापेक्षा फारसा अवघड नाही. आत एक टाकी. टाकीत पाणी तापवणारी नळी, तिला बाजारात कॉइल म्हणतात आणि बिलावर एलिमेंट. पाणी ठरावीक तापलं की वीज बंद करणारा थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅटनं दगा दिलाच तर शेवटी वीज तोडणारा कटआउट. टाकीत लोंबणारी मॅग्नेशियमची कांडी, म्हणजे अ‍ॅनोड रॉड. आणि बाहेर, थंड पाण्याच्या नळीवर बसवलेला सेफ्टी व्हॉल्व्ह. बाकी वायरी, दिवा आणि उष्णता धरून ठेवणारा फोम. झालं, संपला गिझर.

आता कशाला किती पडतात? पुण्यामुंबईत आणि तालुक्याच्या गावी फरक पडणार, कंपनीप्रमाणेही पडणार. पण साधारण अंदाज हवाच. थर्मोस्टॅट आणि कटआउट ही शेकड्यांतली कामं, हजारांतली नव्हेत. कॉइल त्याहून महाग, तांब्याची की चांगल्या मिश्रधातूची यावर किंमत ठरते, तरी घरगुती गिझरची कॉइल मजुरीसकट दीड हजाराच्या बरीच वर जायला लागली, तर "का?" म्हणून विचारावं. मॅग्नेशियमची कांडी काहीशे रुपयांची. टाकी गळायला लागली तर मात्र खर्च विचारू नका. काचेचा लेप दिलेली टाकी आतून गंजून फुटली, की तिला डाग देता येत नाही. 'वेल्डिंग करून देतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावं, कारण वेल्डिंगच्या उष्णतेनं आसपासचा लेप जातो आणि तीन-चार महिन्यांत शेजारून गळायला लागतं. तिथे वॉरंटी उरली असेल तर कंपनी, नाहीतर नवा गिझर.

बिघाडाची लक्षणंही ताप-खोकल्यासारखी वेगवेगळी असतात. गिझर लावताक्षणी घरातला आरसीसीबी पडत असेल, तर बहुधा कॉइलचं कवच फुटून वीज पाण्यात उतरतेय. दिवा लागतो पण पाणी गारढोण, तर कॉइल तुटलीय किंवा दिव्यानंतरच्या वायरिंगमध्ये काही सुटलंय. दिवाही नाही आणि पाणीही तापत नाही, तर आधी बटण, प्लग आणि एमसीबी बघा, मग कटआउट. काही गिझरमध्ये कटआउटला एक बारीक बटण असतं, ते आत दाबलं की गिझर पुन्हा चालू होतो. दोन मिनिटांचं काम, आणि त्यासाठी 'थर्मोस्टॅट बदलला' असं बिल माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. (ते बटण तुम्ही स्वतः दाबायला जाऊ नका. झाकण काढायचं असेल तर मेन स्विच बंद, आणि ते काम जाणकाराचंच. आणि कटआउट का पडला हे शोधल्याशिवाय त्यालाही जाऊ देऊ नका.) पाणी तापताना आतून पातेल्यात खडे उडाल्यासारखा आवाज येतो, तर क्षार साठलेत.

या क्षारांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण निम्म्या दुरुस्त्यांचं मूळ तिथे असतं. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. पाणी तापलं की ते बाहेर पडून पांढऱ्या खपलीसारखं चिकटतं. चहाच्या भांड्याच्या तळाला किंवा शॉवरच्या भोकांत आपण हे रोज बघतो. गिझरमध्ये ही खपली सगळ्यात आधी बसते कॉइलवर, कारण सगळ्यात गरम तीच. थर जाड झाला की कॉइलची उष्णता पाण्यात उतरत नाही, ती स्वतःच तापत राहते आणि एक दिवस तडकते. म्हणजे मेकॅनिक 'कॉइल गेली' म्हणतो ते खोटं नसतं. पण कॉइल बदलून टाकीतला गाळ तसाच ठेवला, तर पुढच्या वर्षी तो पुन्हा येणार. धरणाचं पाणी असलेल्या गल्लीत आठ-दहा वर्षं चालणारी कॉइल शेजारच्या बोअरवाल्या सोसायटीत दोन वर्षांत जाते, ती यामुळे. तेव्हा लागोपाठ दोन कॉइली गेल्या तर कंपनी बदलण्याआधी पाण्याकडे बघा. पाणी जितकं जास्त तापवाल तितके क्षार जास्त बसतात, म्हणून थर्मोस्टॅट साठ अंशांच्या वर न्यायचं काही कारण नाही. उकळतं पाणी काढून त्यात दोन बादल्या गार मिसळायचे, यात वीजही जाते आणि कॉइलही.

विजेचं गणित बाकी सोपं आहे. १५ लिटरचा, २००० वॉटचा गिझर २५ अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला अठरा-वीस मिनिटं घेतो आणि साधारण ०.६ युनिट खातो. २५ लिटरच्या टाकीला अर्धा तास आणि एक युनिट. तेव्हा पहाटे पाचला बटण लावून आठपर्यंत तसंच ठेवायची जी पद्धत अनेक घरांत आहे, तिची गरज नसते.

मॅग्नेशियमच्या कांडीबद्दल मात्र कुणी बोलतच नाही. पाण्यातला गंजण्याचा सगळा जोर ही कांडी स्वतःवर घेते, स्वतः झिजते आणि टाकीला वाचवते. (या पुरवणीच्या वाचकांना अशा प्रकाराची वेगळी ओळख करून द्यायला नको.) ती पूर्ण विरघळून गेली की गंज टाकीला धरतो. ती वर्षातून एकदा काढून बघायची असते, क्षाराचं पाणी असेल तर अगदी न चुकता. बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटी कार्डावर, मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत हे लिहिलेलं असतं. तिथेच असंही लिहिलेलं असतं, की क्षार साठून झालेला बिघाड वॉरंटीत येत नाही. 'टाकीवर सात वर्षं' हे पुढच्या बाजूला ठळक असतं. दोन्ही बाजू वाचा. टाकीची मुदत वेगळी, कॉइलची वेगळी, बाकी भागांची वेगळी.

आता घासाघिशीबद्दल. मेकॅनिकनं व्हिजिटचे तीन-चारशे मागितले की आपल्या जिवावर येतं. "नुसतं बघायचे एवढे?" हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. मला ते पटत नाही. तो माणूस पेट्रोल जाळून येतो, लिफ्ट बंद असेल तर चार जिने चढतो, स्टुलावर उभा राहून डोक्यावर हात धरून काम करतो. त्याचं ज्ञान त्या 'बघण्यात' आहे. डॉक्टरांची तपासणी फी देताना आपण कुरकुरत नाही, ते बघतातच की नुसतं! मजुरी मोकळ्या हातानं द्यावी. प्रश्न विचारायचे ते पार्टवर. झाकण उघडल्यावर आणि काम सुरू करण्याआधी आकडा विचारायचा, व्हिजिट, मजुरी आणि पार्ट असा वेगळा वेगळा. पार्ट डब्यातून, आपल्यासमोर निघाला पाहिजे. डब्यावर छापील किंमत असते, त्यापेक्षा जास्त घेणं कायद्यानं गुन्हा आहे. आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्यायचा. तो आपल्या पैशाचा आहे. यात अविश्वास कसला? शिंपीसुद्धा उरलेलं कापड परत देतो. जुनी कॉइल हातात घेऊन बघितली, तडा दिसला, खपली दिसली, की पुढच्या वेळी आपण निम्म्या मेकॅनिक झालेल्या असतो. ज्या मेकॅनिकला हे सगळं विचारलेलं आवडत नाही, त्याचा नंबर खोडून टाकावा.

नंबरावरून आठवलं. कंपनीचा सर्व्हिसचा नंबर मोबाईलवर शोधू नका. तिथे भलत्यांनीच आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. तो माणूस 'नोंदणीसाठी दहा रुपये भरा' म्हणून लिंक पाठवतो आणि खातं रिकामं होतं. नंबर घ्यायचा तो गिझरवरच्या स्टिकरवरचा किंवा वॉरंटी कार्डावरचा. पैसे घेऊन काम केलं नाही, जुनाच पार्ट पुसून बसवला, पावती नाकारली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण पावती हवी. 'पावती घेतली तर जीएसटी लागेल' या एका वाक्यावर आपण दरवेळी गारद होतो, आणि मग तक्रार कशाच्या आधारावर करणार?

भाड्याच्या घरात अजून एक भानगड. गिझर मालकाचा, वापर आपला, दुरुस्ती कुणाची? केंद्र सरकारनं २०२१ मध्ये राज्यांना नमुना म्हणून दिलेल्या भाडे कायद्यात गिझरची दुरुस्ती भाडेकरूच्या कामांत धरली आहे. महाराष्ट्रात १९९९ चा स्वतःचा भाडे नियंत्रण कायदा चालतो. म्हणून ११ महिन्यांच्या करारातच एक ओळ घालून घ्यावी, की किरकोळ दुरुस्ती आमची, टाकी फुटली तर तुमची. सही करताना एक ओळ घालणं सोपं, गारठ्यात मालकाला फोन करणं कठीण.

इथपर्यंत पैशाचं झालं. पैसे गेले तर परत मिळवता येतात. मला जास्त भीती वाटते ती आपण जे पैसे वाचवतो त्यांची.

मेकॅनिक म्हणतो, "वहिनी, थर्मोस्टॅट गेलाय. माझ्याकडे आत्ता नाहीये, चार दिवस लागतील. तोपर्यंत डायरेक्ट करून देतो." आणि आपल्याला हायसं वाटतं! चहा होतो. बिलही कमी आलेलं असतं, दोनशेच रुपये. ते चार दिवस मग चार वर्षं चालतात. डायरेक्ट करणं म्हणजे काय, हे कुणी सांगत नाही. पाणी तापल्यावर वीज बंद करणारा भाग मधून काढून टाकायचा आणि वायरी एकमेकींना जोडायच्या. म्हणजे बटण बंद करायला कुणी विसरलं, तर बंद टाकीतलं पाणी तापतच राहणार. आणि कटआउटनंही दगा दिला, किंवा तोही डायरेक्ट केलेला असला, तर आपल्याला वाचवायला उरतो तो फक्त सेफ्टी व्हॉल्व्ह. आणि त्याची गत काय असते? पाणी तापलं की फुगतं. १५ लिटर पाणी साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापलं तर पाव लिटरभर जास्त जागा मागतं. ते जास्तीचं पाणी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब टपकतं, टपकलंच पाहिजे. पण फरशी ओली होते, भिंतीवर डाग पडतो, म्हणून आपण प्लंबरला सांगून त्याला बूच मारून घेतो. थर्मोस्टॅट डायरेक्ट आणि व्हॉल्व्हला बूच, असा गिझर डोक्यावर घेऊन रोज अंघोळ करणारी घरं मी पाहिली आहेत. चांगली शिकलेली, मॉड्युलर किचनवाली घरं. टपकणं त्रासाचं वाटत असेल तर व्हॉल्व्हला बारीक नळी जोडून ती जाळीपर्यंत सोडावी. त्या नळीला कितीसे पैसे पडतात?

अर्थिंगचंही तेच. गिझरचा प्लग तीन पिनांचा असतो आणि सॉकेटला तीन भोकं असतात, म्हणून अर्थिंग आहे असं आपण धरून चालतो. जुन्या वाड्यांतल्या, चाळींतल्या आणि काही नव्या इमारतींतल्यासुद्धा तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. कॉइल फुटली की वीज टाकीत, टाकीतून नळात, आणि नळाला हात लावणारीच्या अंगात. ओल्या अंगाला, अनवाणी पायाला. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यायला एक फेरी लागते. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवायला दोन-अडीच हजार लागतील. वीज जरा जरी भलत्या वाटेनं जायला लागली, की तो क्षणात पुरवठा तोडतो. काही घरांत तो बसवलेला असतो, पण 'सारखा पडतो' म्हणून इलेक्ट्रिशियनकडून बाजूला करून घेतलेला असतो. सारखा पडतो म्हणजे तो काहीतरी सांगत असतो! त्यावर 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघायचं. पडला म्हणजे तो जिवंत आहे. आणि गिझरला १६ अँपिअरचंच सॉकेट हवं, मिक्सरच्या प्लगवर ॲडॉप्टर लावून तो चालवायचा नाही.

गॅस गिझरबद्दल तर मी जरा जास्तच कडक बोलते, असं आमच्या सोसायटीत म्हणतात. म्हणू देत. गॅस गिझरच्या दुरुस्त्या स्वस्त असतात, हेच त्याचं आकर्षण. पेटत नसेल तर निम्म्या वेळा खालचे दोन सेल बदलून काम होतं. बर्नर साफ करणं, रबराचा पडदा बदलणं, सगळं काहीशे रुपयांत. पण त्यात ज्योत जळते, आणि ज्योतीला हवा लागते. छोट्या बंद बाथरूममध्ये हवा कमी पडली, की निळी ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, पाय लटपटतात, आणि दाराची कडी काढायचं भान राहत नाही. दर हिवाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अशी एखादी बातमी असते. आपण हळहळतो आणि पान उलटतो.

यात बायकांना धोका जास्त, असं मला वाटतं. पुरुषाची अंघोळ पाच मिनिटांची. आपली डोक्यावरून अंघोळ असली की पाऊण तास गिझर चालू. आणि बाळंतिणीची आणि बाळाची अंघोळ आठवा. भरपूर कढत पाणी हवं, बाळाला वारं लागू नये म्हणून दार घट्ट लावलेलं, खिडकीच्या काचा बंद, खिडकीच्या फटीत जुनं फडकं कोंबलेलं. आत मालिशवाल्या बाई, बाळंतीण आणि महिन्याचं बाळ. वर गॅस गिझर फडफडतोय. आजी बाहेरून ओरडून सांगतात, "दार उघडू नका गं!" प्रेमानंच सांगतात. पण याच आज्यांच्या आज्या बंब कुठे ठेवायच्या? न्हाणीघराबाहेर, पडवीत नाहीतर परसदारी. बंद खोलीत पेटती शेगडी घेऊन झोपू नये, हे तेव्हा लहान मुलालासुद्धा ठाऊक होतं. त्यांना कार्बन मोनॉक्साइड हे नाव माहीत नव्हतं, तरी धूर आणि माणूस एका खोलीत कोंडायचा नाही हे कळत होतं.

गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, बाल्कनीत किंवा मोकळ्या डक्टच्या भिंतीवर लावून पाणी पाइपनं आत आणता येतं. त्यासाठी प्लंबर दोन-तीन हजार मागेल, भिंत फोडावी लागेल, एक टाइल जाईल. आमच्या सोसायटीत हा ठराव आणला तेव्हा सगळ्यात मोठा वाद त्या टाइलवरून झाला! जुन्या डिझाइनची टाइल आता मिळत नाही म्हणून. तो वाद मी आजही घालायला तयार आहे. ते जमत नसेल, तर पाणी बादलीत काढून गिझर बंद करायचा, दार पाच मिनिटं सताड उघडं ठेवायचं आणि मगच कडी लावून अंघोळीला बसायचं. बाळाला वारं लागत असेल तर त्याची अंघोळ त्या दिवसांपुरती मोरीत किंवा खोलीत टब मांडून घाला.

राहता राहिली वेळ. गिझरची सर्व्हिसिंग नोव्हेंबरात करायची नाही. एप्रिल-मे महिन्यात मेकॅनिक मोकळा असतो, फोन पहिल्या घंटीला उचलतो, दुपारी दोन तास देऊन टाकीतला गाळ काढतो, कॉइल घासून देतो, कांडी दाखवतो, आणि पैसेही घाई न करता बोलता येतात. तेव्हा गार पाण्यानं अंघोळ करायलाही कुणी कुरकुर करत नाही. त्या दुपारी मेकॅनिक आला की स्टूल धरायला आपणच उभं राहायचं. शेजारच्या काकूंनी यंदा तेच केलं. वय वर्षं अडुसष्ट. मेकॅनिकनं कांडी काढून दाखवली तर ती पेन्सिलीएवढी उरलेली. काकूंनी ती धुऊन वॉरंटी कार्डाबरोबर पिशवीत घालून ठेवली आहे, आणि आल्यागेल्याला काढून दाखवतात.